सात वर्षांची म्हणते, ‘मला शाळेत घाला’. शाळेत न पाठवणाऱ्या घरात आता काय करायचं?

दुपारची_सावली | ६ मे, रात्री ११:१०

नमस्कार. मी नागपुरात, प्रतापनगरला राहते. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. नवरा रोज नोकरीला बुटीबोरीला जातो, मी घरून थोडं भाषांतराचं काम करते. मुलाला आम्ही दुसरीच्या मध्यात शाळेतून काढलं, त्याला तीन वर्षं झाली. कारण फार मोठं नव्हतं. रोज सकाळी पोट दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही, एवढंच. मुलगी तर कधी शाळेत गेलीच नाही, अंगणवाडीत चार महिने गेली तेवढीच.

घरात वेळापत्रक नाही. पाठ्यपुस्तकं आहेत, पण ती रद्दीच्या वरच्या थरात असतात. जे चाललंय त्यातून शिकायचं, विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं (हे शेवटचं मला अजून जमत नाही).

तर धाकटी गेल्या महिन्यापासून म्हणते आहे, मला शाळेत जायचं. आधी वाटलं, शेजारच्या मुलींचं बघून म्हणत असेल. पण ती दुपारी बाहुल्यांची हजेरी घेते. स्वतःचंही नाव पुकारते आणि स्वतःच ‘हजर’ म्हणते. रोज.

माझं डोकं चालेनासं झालंय. तीन वर्षं नातेवाइकांशी भांडले ती याच मुद्द्यावर, की लेकराला काय हवं ते लेकराला ठरवू द्या. आता लेकरानेच ठरवलंय. कोणी यातून गेलंय का?

---

मानेवाडा_एक्स्प्रेस | ६ मे, रात्री ११:३२

ताई, पोट्टी शाळेत जातो म्हणून राहिली अन् तुम्ही विचारून राहिल्या काय करू? पाठवा नं बाप्पा! आमच्याकडे उलटं आहे. आमचा रोज म्हणते नाही जात, आम्ही उचलून ऑटोत टाकतो.

---

पळसफूल | ७ मे, सकाळी ७:०५

आमची दोन्ही मुलं घरी शिकली. थोरली आता कॉलेजात आहे, धाकट्याने मागच्या वर्षी दहावी दिली. मुलीने बाराव्या वर्षी एक वर्ष शाळेत काढलं, स्वतः मागून. मग स्वतःच सोडली. सोडताना म्हणाली, ‘मैत्रिणी चांगल्या होत्या, पण प्रत्येक गोष्ट अर्धी झाली की बेल वाजते.’ त्या वर्षाने तिचं काही बिघडलं नाही. माझा मात्र अहंकार चांगलाच दुखावला, हे इथे कबूल करते.

तुम्ही जे करताय, शाळेशिवाय, वेळापत्रकाशिवाय, मुलाच्या कलाने शिकणं, त्याला अनस्कूलिंग म्हणतात. हा शब्द जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने रुळवला. १९७७ साली त्याने शाळेबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केलं, तिथून तो पसरला. मी हे एवढ्यासाठी सांगते की आपल्यातले काही पालक ‘अन’ एवढाच धरून बसतात. शाळेला विरोध हा त्यातला मुद्दाच नव्हे. मूल कुठे आहे यापेक्षा, ते तिथे कोणाच्या मर्जीने आहे हे बघा.

आणि तुमचा दिवस कसा जातो ते जरा सविस्तर लिहा की. नवीन लोक वाचतात इथे, त्यांना तेच हवं असतं.

---

जुना_मास्तर | ७ मे, सकाळी ९:४८

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकवले. भिवापूर, उमरेड, शेवटी हिंगणा. त्यामुळे माझे म्हणणे कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो.

४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचे एका दिवसाचे सर्वेक्षण झाले. नोंद झालेल्या मुलाच्या डाव्या हाताच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची. मी वीटभट्टीवर गेलो होतो. एका मुलीला शाई लावली तर तिला वाटले आता शाळेत नाव लागले. ती सोमवारी चालत शाळेत आली. तुमच्या मुलीच्या ‘हजर’वरून ती आठवली.

हाताने काम करत शिकणे ही कल्पना अमेरिकेतून आणायचे कारण नाही. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर वर्धा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, नयी तालीमचा आराखडा तिथून निघाला. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली ती तिथेच. टकळीवर सूत काढताना मोजमाप, कापसावरून भूगोल, सगळे कामातून. पण ती शाळा होती, हे ध्यानात घ्या. चार घरची मुले एकत्र होती आणि गुरुजी होते. एका घरात दोन मुले आणि आई, एवढ्यात ते होत नाही.

---

निळी_पहाट | ७ मे, दुपारी १:२०

मी नागपूरचीच, इंदोऱ्याची. मास्तरांच्या पुढचं मी लिहिते.

हे धागे मी बरेच दिवस वाचते आणि दर वेळी एकच गोष्ट टोचते. तुमच्या मुलाने शाळा सोडली तर तो ‘वेगळ्या वाटेने शिकणारा’. आमच्या वस्तीतल्या मुलाने सोडली तर तो ‘शाळाबाह्य’. तोच अंबाझरी तलावाचा काठ, तीच दुपार, तोच गळ टाकून बसलेला पोरगा. एकाचा फोटो आई टाकते, दुसऱ्याला हवालदार हाकलतो.

माझी आजी १९५६ साली दीक्षाभूमीवर होती. तिला सही येत नव्हती. तिच्या मुलांपैकी शाळेत पहिलं नाव लागलं ते माझ्या वडिलांचं. तो दाखला आमच्या घरी देव्हाऱ्यासारखा जपून ठेवलाय. आणि हा नुसता भावनेचा मामला नाही. जात पडताळणीला गेलात की बाप-आजोबाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागतात. ज्याच्या घरात शाळेची नोंद नाही, त्याला विचारा किती चपला झिजतात. तुमचं लेकरू त्या रजिस्टरात नसलं तर उद्या त्याच्या लेकराचं काय?

ताईंवर राग नाही. मुलीला पाठवा. ‘हजर’ म्हणणं ही लहान गोष्ट नाही.

---

मानेवाडा_एक्स्प्रेस | ७ मे, दुपारी १:४१

इथे थांबून विचार करावा लागला. कधी नव्हे ते.

---

दुपारची_सावली | ७ मे, रात्री १०:५५

निळी_पहाट, तुमचं दोनदा वाचलं. गळ टाकून बसलेल्या मुलाचा फोटो मी खरंच टाकला होता, मागच्या पावसाळ्यात, अंबाझरीचाच. उत्तर नाही माझ्याकडे. मला ही मुभा आहे कारण माझ्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत आणि एका पगारात भागतं. हे मी आजवर मोठ्याने म्हटलं नव्हतं.

पळसफूलताईंनी दिवस विचारलाय, तो लिहिते. एरवी मी शहाण्या गोष्टी लिहिते. आज खरं लिहिते.

सकाळी सातला मुलगी उठते, मुलगा नऊला. उन्हाळ्यात दहाच्या आत जे बाहेरचं ते करायचं, नंतर पाच वाजेपर्यंत घर बंद. अकरा ते चार हा खरा परीक्षेचा वेळ असतो, माझ्या. मुलगा पालथा पडून छताकडे बघत असतो. समोरच्या बिल्डिंगमधली मुलं समर क्लासला अबॅकस करत असतात. मला आतून धग येते की हा काहीच करत नाहीये. मग मी उगाच म्हणते, ‘चल, पाढे म्हणूया.’ तो माझ्याकडे असा बघतो की मी एखादी विमा पॉलिसी विकायला आले आहे.

वाचायला तो साडेआठव्या वर्षी लागला, मेट्रोत. आम्ही सुभाषनगरहून बर्डीला जायचो आणि तिथे गाडी बदलून कडबी चौकापर्यंत, कारण त्याला नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय बघायचं असायचं, पुन्हा पुन्हा. स्टेशनांची नावं पाठ होती, मग पाट्यांवरून अक्षरं उलटी ओळखत गेला. ‘गड्डीगोदाम’मध्ये एक ड दुसऱ्याच्या खाली का लटकलाय, यावर आमची दोन स्टेशनं वाद चालला. जोडाक्षर हा शब्द मी तेव्हा सांगितला. त्याआधी वर्षभर मी बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावला होता, त्याच्याकडे त्याने मान वळवली नव्हती.

गणित सासऱ्यांकडून आलं. ते सुरुवातीला आमच्याशी बोलत नव्हते. पण गोकुळपेठच्या बाजारात पोराला घेऊन जायचे आणि भाजीवालीचा हिशेब तोंडी करायचे. ऐंशी रुपये किलोची भेंडी पाऊण किलो म्हणजे किती, हे त्यांनी हिशेबाच्या यंत्राच्या आधी सांगितलं म्हणून पोरगा चकित. मग पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीड, साडेतीनचे पाढे. एक औट साडेतीन, बे औट सात. हे शाळेत आता कोणी शिकवत नाही, आणि अपूर्णांक म्हटलं की पाचवीची मुलं घाबरतात. आमचा घाबरत नाही. मात्र त्याला कागदावर अंशाखाली छेद मांडता येत नाही, हेही सांगते.

आता कूलरचं. गेल्या वर्षी मे महिन्यात कूलरचा पंप बंद पडला. मेकॅनिक म्हणाला चार दिवस लागतील, सगळ्या नागपूरचे कूलर याच आठवड्यात बिघडतात. मुलाने स्वतः खोलला. (प्लग काढून, वायर हातात धरून मला दाखवून, मगच. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, हे त्याला पेपरमधलं वाचून दाखवलेलं आहे.) पंपाच्या जाळीत गवत अडकलं होतं, एवढंच निघालं. पण त्यावरून त्याने विचारलं, गवताच्या ताट्यांवर पाणी सोडलं की हवा थंड का होते? पाणी तर टाकीत तापलेलं असतं.

मला नीट येत नव्हतं. मी म्हटलं, माठाचं पाणी गार का होतं? तो म्हणाला, ते मला काय माहीत. मग ओल्या हातावर फुंकर मारून बघितली. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, इथवर आलो. बर्डीवरून दोन साधे थर्मामीटर आणले, एकाच्या बुडाला ओलं मलमल गुंडाळलं. मे महिन्यात गच्चीच्या सावलीत दोघांत वीसेक अंशांचा फरक यायचा. जुलैत पाऊस लागल्यावर फरक आला तीन-चार. आणि त्याच आठवड्यात आजी म्हणाली, ‘आता कूलर लावला की नुसतं चिपचिप होतं, बंद करा.’ पोरगा दोन्ही थर्मामीटर घेऊन आजीपुढे उभा. हवाच भरलेली आहे आजी, तिच्यात आणखी पाणी मावत नाही म्हणून उडत नाही. मुंबईच्या मामाकडे कूलर का नाही, याचंही उत्तर त्याने त्यातच दिलं.

हे झालं चांगलं दोन महिन्यांचं. त्यानंतर सबंध ऑगस्ट त्याने फक्त तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची चाकं घासली. ते काय शिकणं होतं, मला अजून कळलेलं नाही.

---

संत्रा_बर्फी | ८ मे, सकाळी ८:३०

औटकी! माझे आजोबा म्हणायचे. मला अठ्ठावीस वर्षांनी आज कळलं की तो शब्द शिवी नव्हता.

---

पुण्यातला_वैदर्भीय | ८ मे, सकाळी ११:१५

सगळं छान. पण पुढे काय? दहावी, बारावी, जेईई, नीट? कूलर खोलून अॅडमिशन मिळत नाही. कोणी स्पष्ट लिहील का?

---

पळसफूल | ८ मे, दुपारी ३:४०

लिहिते. मी यातून दोनदा गेले आहे.

आपल्याकडे सरळ दोन रस्ते. एक, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ते केंद्र सरकारचं मंडळ आहे, आधी शाळेत गेलेलं असण्याची अट नाही, दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. विषय पाच, त्यात किमान एक भाषा, आणि मराठी माध्यमही आहे. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी. मुख्य म्हणजे एका बैठकीत पाचही विषय द्यायची सक्ती नाही. माझ्या मुलाने एप्रिलला दोन दिले, ऑक्टोबरला तीन. चित्रकला हाही पूर्ण विषय आहे. स्वाध्याय लिहून द्यायचे असतात, ते शेवटच्या आठवड्यात बसून लिहू नका. आम्ही लिहिले. हात मोडून आले.

दुसरा, आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावी. पण त्याला आधीच्या शाळेचा दाखला मागतात. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर तिथे अडतं. तुमच्या मुलाचा दुसरीचा दाखला फाइलला लावून ठेवा, आणि मंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयात जाऊन त्या वर्षीचा नियम आधी विचारा.

जेईईला एनआयओएसची बारावी चालते. नीटच्या वेळी २०१८ साली मुक्त शाळेच्या मुलांना बसू द्यायचं नाही असा नियम आला होता, दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. तरी विज्ञानाकडे जायचं असेल तर प्रात्यक्षिकं कुठे करणार ते आधी बघा. घरात प्रयोगशाळा होत नाही, दोन थर्मामीटर असले तरी.

---

पुण्यातला_वैदर्भीय | ८ मे, दुपारी ४:०२

धन्यवाद. पण कायद्याने चालतं का हे? आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहा ते चौदा वयाला सक्ती आहे ना?

---

पळसफूल | ८ मे, दुपारी ४:५०

२००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम १० म्हणतं, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं पालकाचं कर्तव्य. पण न केल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा त्यात कुठेही नाही. घरच्या शिक्षणाबद्दल होही नाही, नाहीही नाही. आपण सगळे त्या रिकाम्या जागेत राहतो.

मूळ प्रश्नासाठी जास्त कामाची कलमं वेगळी आहेत. ताई, धाकटीच्या वेळी ही लक्षात असू द्या. कलम ४: शाळेत न गेलेल्या मुलाला वयाच्या मानाने योग्य वर्गात घ्यायचं, मागे असेल तर जादा शिकवायचं. म्हणजे तिला पहिलीत बसवायची गरज नाही. कलम १३: प्रवेशासाठी चाचणी किंवा मुलाखत घेता येत नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही.

---

दुपारची_सावली | १९ मे, रात्री ९:३०

कलम लक्षात होतं, म्हणून आज भांडून आले.

घराजवळच्या एका खाजगी शाळेत गेलो. टेबलामागच्या बाईंनी टीसी मागितला. म्हटलं, ती कुठेच गेलेली नाही, टीसी कुठून आणू? म्हणे, मग ‘छोटीशी टेस्ट’ घेऊ. मी कलम १३ म्हटलं. त्या म्हणाल्या, मॅडम, तुम्ही वकील आहात का? मुलगी मात्र टेस्टला बसायला उत्सुक होती. मागे ओढत आणलं तिला.

---

जुना_मास्तर | २० मे, सकाळी ६:५०

मनपाच्या किंवा अनुदानित मराठी शाळेत जा. पट कमी होतोय, शिक्षक दारोदार मुले शोधत फिरतात. तुम्ही आपण होऊन गेलात तर बसायला खुर्ची आणि चहा मिळेल. जन्माचा दाखला, आधार न्या. दुसरीच्या वर्गशिक्षिकेला आधी भेटा, मुख्याध्यापकांना नंतर. मुलीला लिहिता किती येते ते खरे सांगा, वाढवून सांगू नका.

आणि मी वर जे लिहिले की एका घरात ते होत नाही, त्यात थोडी दुरुस्ती. ओल्या मलमलीचा प्रयोग मी बत्तीस वर्षांत एकदाही करून दाखवला नाही. पुस्तकात चित्र होते, ते दाखवत असे.

---

एकटी_आई_४४०० | २० मे, रात्री ११:५८

पहिल्यांदाच लिहिते. मी नोकरी करते, घरात दुसरं कोणी नाही. मुलगा नऊ वर्षांचा, शाळेला कंटाळलेला. हे माझ्यासारखीला शक्य आहे का?

---

निळी_पहाट | २१ मे, सकाळी ७:२०

सरळ सांगते, दिवसभर घरी कोणी नसेल तर नको. शाळा राहू द्या, पण ट्यूशन काढून टाका. संध्याकाळचे ते दोन तास त्याचे त्याला द्या, काय करतो ते विचारू नका. मी माझ्या भाच्याचं असंच केलं. महिनाभर तो नुसता सायकल घेऊन कामठी रोडवर हिंडला. आता पंक्चर काढायला शिकतोय, दुकानदार फुकट शिकवतो कारण हवा भरायला पोरगं मिळालं.

---

मानेवाडा_एक्स्प्रेस | २१ मे, सकाळी ८:१०

आमच्याही पोट्ट्याची ट्यूशन बंद करतो म्हटलं तर बायकोने तर्री पोहे बंद केले. चर्चा चालू आहे.

---

दुपारची_सावली | ११ जुलै, रात्री १०:१५

राहून गेलं होतं, आता सांगते. मास्तरांनी सांगितलं तसंच केलं. चहा खरंच मिळाला. दुसरीत नाव लागलं. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा ऊन तसंच होतं, पहिल्या दिवशी मी फाटकाबाहेर झाडाखाली दोन तास उभी राहिले, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

तक्रारी आहेत. एक ओळ दहादा लिहायची का, हे तिला कळत नाही. बाथरूमला जायला विचारावं लागतं, याचा तिला इतका राग आला की पहिल्या आठवड्यात तिने पाणीच प्यायचं सोडलं. बाईंशी बोलले. बाई समजूतदार निघाल्या. ‘वाटलं तर काढू’ असं मी तिला एकदा म्हटलं, तर म्हणाली, ‘तू मध्ये बोलू नको, माझी शाळा आहे.’

निळी_पहाट, रजिस्टरवर तिचं नाव चढताना मी तुमचीच आठवण काढली. मुलाचा दुसरीचा दाखला पण शोधून काढला, रद्दीच्या त्याच थरात होता.

मुलगा घरीच आहे. त्याची सकाळ आता फार शांत जाते आणि त्याला ते फारसं आवडलेलं दिसत नाही. चार वाजले की गॅलरीत जाऊन उभा राहतो. ती आली की दप्तर टाकते, हातपाय धुते आणि बाहुल्या मांडून शाळा भरवते. त्यात आता दादाचंही नाव आहे. काल तिने त्याला गैरहजर लावलं, कारण नाव पुकारलं तेव्हा तो गच्चीवर कूलरचा पंप उतरवत होता.